अक्काच्या घरावरचं नाव

२० ऑगस्ट १९९१, मंगळवार. जळगाव
बियाण्याच्या दुकानाची ही डायरी अर्धी कोरीच राहिली होती. मागच्या पानांवर दूध आणि रॉकेलचा हिशोब आहे, पुढे मनातलं लिहीन म्हणते.

आज अक्काचं अंतर्देशीय आलं. अक्का म्हणजे यांची थोरली बहीण, यशोदाबाई. धुळ्याला जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात नर्स आहे. तिचे मालक जाऊन बारा वर्षं झाली. सासरच्यांनी दोन महिन्यांत भांडीकुंडी मोजून घेतली आणि हिला वाट दाखवली. तेव्हापासून देवपुरात रतिलाल शेठच्या दोन खोल्यांत भाड्याने राहते. मुलीला, नलूला, तिथेच लहानाची मोठी केली.

आता शेठ त्या खोल्या विकतो आहे. "बारा वरस भाडं चुकवलं नाही, म्हणून पहिलं तुम्हाला विचारतो बेन," असं म्हणाला. बहात्तर हजार. अक्काने पाच हजार बयाणा देऊनसुद्धा टाकला. दसऱ्याच्या आत खरेदीखत झालं पाहिजे, नाहीतर शेठकडे दुसरं गिऱ्हाईक उभं आहे आणि हिला खोल्या खाली कराव्या लागतील.

यांनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. मी म्हटलं, "घेऊ द्या की. आपण आहोत ना पाठीशी."

२५ ऑगस्ट, रविवार. राखी पौर्णिमा
अक्का सकाळच्या गाडीने आली. राखी बांधली. यांनी एकशे एक रुपये ओवाळणी घातली आणि लगेच पाणी प्यायला उठले. दरवर्षी असंच करतात.

अक्काचं वळण फार चांगलं. आमच्याकडे मिठाची बरणीसुद्धा "घेऊ का गं?" विचारल्याशिवाय उघडत नाही. इतकी वर्षं झाली, बदललं नाही. माणूस असावं तर असं.

जेवणानंतर पैशाचं बोलणं झालं. तिच्याकडे फंडातले वगैरे धरून वीस हजार. घरासाठी कर्ज देणारी कंपनी तिच्या एकटीच्या पगारावर अडतीस हजारच देते. चौदा हजारांची तूट येते. यांचा पगार जोडला तर बावन्न देतील, पण मग कर्जही दोघांच्या नावे आणि घरही दोघांच्या नावे. तसा त्यांचा नियम आहे.

हे म्हणाले, "लावतो माझं नाव. त्यात काय?"

अक्का हसली. "माझ्या घराला माहेरचं नाव लागेल रे रुपा."

स्टॅम्पाचा खर्च आम्ही करायचा असं मी सुचवलं. सरकार खरेदीवर एवढा कर घेतं हे मला आजच कळलं, जवळपास सहा हजार. अक्का नको नको म्हणत होती. मी म्हटलं, "बहिणीला घर होतंय, भावाने एवढं करायला नको?"

जाताना दोन पायली गहू दिले, शेतातले. दरवर्षी देते. देवाने आपल्याला दिलंय, त्यातलं चिमूटभर.

२७ ऑगस्ट
चौदा हजारांचा विचार डोक्यातून जात नाही. आमची पोस्टातली आर.डी. तेवढीच आहे. पण ती आपल्या स्वतःच्या छपरासाठी आहे, आणि तिला हात लावायचा नाही हे माझं देवापुढे ठरलंय. आम्हीही भाड्यानेच राहतो. नाव लावण्यात काही खर्च नाही. नाव लावणंच बरं.

५ सप्टेंबर, गुरुवार
आज गुरुपुष्य. लोक गुंजभर सोनं घेतात. मी यांना म्हटलं, आपण आज स्टॅम्प घेऊन ठेवू, घराचा पहिला कागद मुहूर्तावर येईल.

हे म्हणाले, "अजून मसुदा झालेला नाही. घाई कशाला?"

मी म्हटलं, "पुढचा गुरुपुष्य पितृपक्षात येतोय. तेव्हा कोण घेणार?"

हे ऑफिसातून रजा टाकून ट्रेझरीत गेले. पाच हजार सातशे साठ रुपयांचं चलन भरलं. कागदामागे घेणाऱ्याचं नाव लिहितात, म्हणून मी निघतानाच सांगितलं होतं, "तुमच्याच नावाने घ्या. पैसे आपले, मुहूर्त आपला. बाईमाणसाचं नाव पुढे कशाला?"

संध्याकाळी ते कोरे कागद देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं. मागच्या बाजूला 'श्री. रुपचंद' असं ठळक शाईत. हे किती वेळ ते नाव बघत होते. यांच्या नावाचा एवढा मोठा कागद आमच्या घरात कधी आला नव्हता. मला फार बरं वाटलं.

८ सप्टेंबर, रविवार. पोळा
पारोळ्याजवळ आमचं गाव, तिथे गेलो होतो. जमीन सात एकर, यांचे चुलते झुलालनाना बटाईने करतात. बैलांची मिरवणूक झाली, पुरणपोळीची पंगत बसली आणि नानांनी भर पंगतीत विषय काढला.

"रुपचंद, आयकं ते खरं शे का? बहीनना घरवर तुनं नाव?"

हे म्हणाले, "कर्जासाठी आहे नाना. कंपनीचा नियम."

"नियम ऱ्हावो का फियम ऱ्हावो. भाऊ बहीनले देस, बहीननं लेत नही. बठ्ठा गाव हासी."

यांचा घास हातातच राहिला. मी पदर सावरत म्हटलं, "नाना, घेत नाही आहोत. स्टॅम्प आमच्या पैशाचा आहे."

"मंग नाव कसाले तुमनं?"

परतीच्या गाडीत हे खिडकीबाहेर बघत बसले. मी म्हटलं, म्हातारा माणूस आहे, मनावर घेऊ नका. तर म्हणाले, "खोटं काय बोलला?"

२० सप्टेंबर, शुक्रवार
धुळ्याला जाऊन आलो. खूप थकलेय पण लिहून ठेवते.

खरेदी नोंदवायच्या कचेरीबाहेर निंबाच्या झाडाखाली दस्त लिहिणारे बसतात. अक्काच्या ओळखीचे नासीरभाई तिथे टाइपरायटर घेऊन असतात. त्यांच्या मुलीचं, हमीदाचं बाळंतपण अक्कानेच केलंय. चहा मागवला, आम्हाला बाकावर बसवलं, स्वतः विटेवर बसले.

मसुद्यासाठी नावं विचारली. दोन नावं ऐकून त्यांनी हात थांबवला.

"रुपचंदभाऊ, हे नाव कायमचं की कर्जापुरतं?"

"कर्जापुरतंच. पंधरा वर्षांनी कर्ज फिटलं की मी हक्कसोड लिहून देईन बहिणीला."

"मग हे आताच ऐकून ठेवा. नाव चढवायला एकदा स्टॅम्प, उतरवायला पुन्हा स्टॅम्प. खरेदीच्या घराचा अर्धा हिस्सा सोडायचा म्हणजे सरकारला ती अर्ध्या घराची विक्रीच दिसते. आणि तोही आजच्या भावाने नाही, तेव्हाच्या भावाने. पंधरा वर्षांनी देवपूर काय भावाने जाईल, सांगा?"

मी म्हटलं, "भाऊ बहिणीला देतोय, त्याचाही कर?"

"भाभी, कागदाला भाऊबहीण कळत नाही. कागदाला घेणार आणि देणार कळतो." मग चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "आणि खुदा ना करो, मधल्या काळात भाऊंना काही झालं तर? अर्धं घर भाभींचं आणि तुमच्या मुलाचं."

अक्का म्हणाली, "वसंता माझा भाचा आहे. तो काय मला बाहेर काढणार?"

"भाचा नाही काढणार हो सिस्टर. पण भाच्याची बायको अजून आपण कोणी बघितलेली नाही."

आम्ही सगळे हसलो. मग नासीरभाई सहज बोलून गेले, "वडिलोपार्जित असतं तर सोपं होतं. तिथे हक्कसोड थोडक्यात होतं."

अक्का म्हणाली, "ते मला विचारा. मी सोडली ना जमीन, चौऱ्याहत्तर साली, पारोळ्याला. वीस रुपयांचा कागद होता. सही झाल्यावर रुपाने मला उसाचा रस पाजला होता. दोन गिलास! आठवतं का रे?"

नासीरभाई हसले, मीही हसले. हे उठून गाड्या लागतात तिकडे गेले. ऊन लागलं असावं यांना.

२१ सप्टेंबर
कसला कागद होता तो? विचारलं तर हे म्हणाले, "जुनी गोष्ट आहे."

२२ सप्टेंबर, रविवार
यांचे कागद मी कधी उघडत नाही. आज हे गणपती विसर्जनाला गेल्यावर पत्र्याची पेटी उघडली. देवा, क्षमा कर.

कागद मिळाला. पिवळा पडलाय. "...वडिलांच्या पश्चात माझे वाट्यास येणारा निम्मा हिस्सा मी राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता, माझे बंधूस सोडून देत आहे." खाली अक्काची सही. तेव्हा तिचं अक्षर किती गोल होतं.

मला तो दिवस आठवतोय. मी गावच्या घरी शेवयांची खीर केली होती. सगळी पारोळ्याहून परत आली तेव्हा मला वाटलं, वारसाच्या सह्या झाल्या. तेव्हा अक्काला काय कमी होतं? दाराशी बैलजोडी, नवरा धडधाकट. सगळ्याच बहिणी करतात म्हणून तिने केलं. माझ्या भावांना मीही करून दिलंय. त्यात काही चुकीचं नाही.

तिला सासरहून काढलं तेव्हा या कागदाला पाच वर्षं झाली होती. नर्सचं शिक्षण होईपर्यंत आम्ही तिला महिन्याला तीस रुपये पाठवायचो. मी जुन्या वह्या काढून बघितल्या. दर महिन्याला लिहिलंय. कोणत्या रकान्यात लिहिलंय तेही बघितलं. दानधर्म.

आज जप चुकत होता. तीनदा माळ पहिल्या मण्यापासून धरली.

२३ सप्टेंबर, सोमवार
यांना विचारलं. वाटलं, पेटी उघडल्याबद्दल रागावतील. रागावले नाहीत.

म्हणाले, "रास घरात आली की दरवर्षी आठवतं."

"मग इतकी वर्षं मला का नाही बोललात?"

"काय बोलणार? तू पै-पै जोडून घर चालवतेस. आणि अक्काने कधी विचारलं असतं तर बोललो असतो. तिने विचारलंच नाही. म्हणून नाव लावायला पटकन हो म्हटलं. वाटलं, काहीतरी करतोय तिच्यासाठी."

"आणि झालं काय? आधी तिची जमीन आपल्या नावावर, आता तिचं अर्धं घरही."

हे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मला वाटतं मी जास्त बोलले. लग्नाला एकवीस वर्षं झाली, इतकं कधी बोलले नव्हते. नंतर त्यांना आवडतं म्हणून कळण्याची भाकरी केली. त्यांनी दीडच खाल्ली.

२५ सप्टेंबर, बुधवार
साधा हिशोब आहे. मी काही मोठं करत नाही, हिशोबच करते आहे.

चौदा हजार अक्काच्या हातात असले तर अडतीस हजारांचं कर्ज तिच्या एकटीच्या नावाने होतं. घर एकटीच्या नावाने. स्टॅम्प एकदाच. पंधरा वर्षांनी कोणाला काही सोडायचं नाही, कोणाच्या सुनेला काही मागायचं नाही. हे फक्त जामीन राहतील.

आर.डी.मध्ये तेरा हजार सहाशे चाळीस आहेत. मोडायची तर थोडं व्याज बुडेल. उरलेले तीनशे साठ डाळीच्या डब्यातून.

हे म्हणाले, "आणि आपलं छप्पर?"

मी म्हटलं, "पुन्हा सुरू करू. पावसात थोडेच उभे आहोत?"

बोलून गेले खरी, पण पोस्टाच्या पुस्तकावर हात ठेवून बसले होते. सात वर्षं भरलीत. वर्षातून एकदाच नवी साडी घेतली.

मग माझ्याच मूर्खपणाची आठवण झाली. तो स्टॅम्प! यांच्या नावाने आहे. हे घेणारच नसतील तर तो कागद खरेदीखताला चालत नाही. ट्रेझरीत विचारून आले. परत करता येतो, सहा महिन्यांच्या आत. रुपयामागे दहा पैसे कापतात, म्हणजे पाचशे शहात्तर गेले, आणि पैसे हातात यायला किती महिने लागतील त्याचा नेम नाही. दसऱ्याच्या आत अक्काच्या नावाने नवा स्टॅम्प घ्यावा लागेल. पुन्हा पाच हजार सातशे साठ.

दोनदा स्टॅम्प नको म्हणून एवढा खटाटोप, आणि दोनदा भरायची वेळ माझ्यामुळेच आली. "बाईमाणसाचं नाव पुढे कशाला" असं मीच म्हटलं होतं. हे एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

२९ सप्टेंबर, रविवार
एकटी धुळ्याला गेले. आधी एकवीरा देवीला जाऊन ओटी भरली, मग देवपुरात. नलू मैत्रिणीकडे गेली होती. बरं झालं.

अक्का तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "अक्का, यांचं नाव नाही लावायचं असं ठरलंय."

तिचा हात थांबला. "का गं? रुपाला नको झालं का माझं घर?"

"तसं नाही."

"झुलालनाना बोलले ते कळलंय मला. गावाला काय, हसायला निमित्त लागतं. मला तर बरं वाटत होतं. दारावर दोन नावं लिहायची, मी पेंटरला विचारूनसुद्धा आले." आणि मान खाली घालून म्हणाली, "ठीक आहे. शेठला सांगते, बयाणा बुडाला तर बुडाला."

मी पिशवीतून पैसे काढून सुपात ठेवले. तांदळावरच. दुसरीकडे कुठे ठेवायचं सुचलं नाही.

"हे काय?"

"चौदा हजार. घर तुमच्या एकटीच्या नावाने घ्या."

"उसने देतेस? मी कशी फेडू गं? कर्जाचा हप्ता आणि हे..."

"उसने नाहीत."

"मग दान करतेस का मला?" आवाज चढला तिचा. माझ्यावर कधी चढला नव्हता. "शेवंता, मी नोकरी करते. अजून कोणाच्या दारी गेले नाही."

तिला काय माहीत, माझ्या वहीत काय लिहिलंय ते.

मी म्हटलं, "गव्हाचे आहेत."

"कसल्या गव्हाचे?"

"निम्म्या जमिनीच्या. सतरा वर्षांच्या."

अक्काने सुपाच्या कडेचा एक खडा वेचून बाजूला टाकला. बाहेर कुल्फीवाला घंटा वाजवत गेला. मग म्हणाली, "मी मागितले नव्हते गं."

"नाही मागितले. म्हणून तर."

"रुपाला वाटेल, मी निंबाखाली मुद्दाम काढला तो विषय. नाही गं, मी खरंच रसाचं सांगत होते. छान होता तो दिवस. त्याने त्या दिवशी माझ्यासाठी गाडीत जागा धरली होती."

"त्यांना काही वाटत नाही. त्यांनीच पाठवलंय मला." हे खोटं होतं. हे फक्त "जा" एवढंच म्हणाले होते.

अक्काने डोळे पुसले आणि नोटा झटकून तांदूळ वेगळे करायला लागली. एक दाणा वाया जाऊ दिला नाही. मग एकदम हसली. "सतरा वर्षांत मी आणि नलूने एवढे गहू खाल्ले असते? फुटलो असतो की दोघी!"

परतीच्या गाडीत उभ्याने आले, पारोळ्यापर्यंत. पाय दुखत नव्हते.

२ ऑक्टोबर, बुधवार
आज मामंजींची तिथी. सुट्टी असल्याने हे घरीच होते. खीर, वडे, कढी केली, कावळ्याला पान ठेवलं. झुलालनाना गावाहून जेवायला आले. पोटभर जेवल्यावर मी सुपारी पुढे केली आणि म्हटलं, "नाना, कापसाच्या वाट्यातले सहा हजार आधी पाहिजेत."

"कापूस आजून बोंडमा शे! दिवाळीले देसू."

"दिवाळीला उपयोग नाही. अक्काच्या नावाने नवा स्टॅम्प घ्यायचाय. यांचं नाव काढतोय आम्ही."

"नाव काढाले पैसा लागतंस?"

"लागतात. तुम्हीच पोळ्याला भर पंगतीत म्हणालात ना, भाऊ बहिणीचं घेत नाही? आम्ही मोठ्यांचं ऐकलं. आता तुम्ही मागे सरकलात तर सगळं गाव हसेल."

हे खाली मान घालून सुपारी कातरत होते, पण खांदे हलत होते त्यांचे. नाना माझ्याकडे बघत राहिले. "तू ते वकीलनी बी माय निंघनी व शेवंता!" म्हणाले. जाताना पायऱ्यांवरून वळून यांना म्हणाले, "सनिवारले ये पैसा लेवाले. आनि तुनी बहीनले सांग, मी बी ईसू घर देखाले."

मामंजींच्या फोटोला हार घातला. त्यांना आता कसं वाटत असेल कोण जाणे. मला तर त्यांचा चेहरा आज जरा सैल वाटला. माझ्या मनाचे खेळ.

६ ऑक्टोबर
नानांनी सहा हजार दिले. चारशे रुपये सुट्ट्या नोटांत, सगळ्यांना तंबाखूचा वास.

९ ऑक्टोबर, बुधवार
कंपनीचं पत्र आलं. अडतीस हजार, अक्का एकटीच्या नावाने मंजूर, हे जामीन. यांनी स्टॅम्प परत करण्याचा अर्ज लिहिला. तीनदा कच्चा लिहिला. "वरील दस्तऐवज करण्याचा उद्देश रद्द झाल्याने" हे वाक्य लिहून पेन ठेवलं. म्हणाले, "शेवंता, एवढ्या मोठ्या कागदावर पुन्हा कधी नाव येईल का गं आपलं?"

मी म्हटलं, "येईल."

म्हटलं खरं. आर.डी. तर मोडली.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
आज धुळ्यात नवा स्टॅम्प घेतला. हे आणि अक्का दोघं गेले होते. मुहूर्त पाहिला नाही, नवरात्र चालू आहे तेवढं पुरे. अक्काने स्वतः नाव सांगितलं म्हणे, आणि क्लार्कने 'यशोदाबाई' मध्ये 'शो' चा काना गाळला तर तो दुरुस्त करून घेतल्याशिवाय खिडकीपासून हलली नाही. मागे रांग ओरडत होती. हे सांगताना हसत होते.

१५ ऑक्टोबर, मंगळवार. धुळे
अक्काच्या घरी बसून लिहिते आहे. नलूच्या वहीतला कागद मागून घेतला, नंतर डायरीत चिकटवीन.

सकाळी साडेदहाला कचेरीत गेलो. नासीरभाईंनी दस्त वाचून दाखवला. रतिलाल शेठ टोपी काढून ऐकत होते. साक्षीदार दोन लागतात. एक हे. दुसरा कोण, तर नासीरभाई म्हणाले, "भाभी आहेत ना. मॅट्रिक झालेल्या आहेत, अंगठा थोडाच लावायचा?" मी आजवर रेशन कार्डाच्या अर्जाखेरीज कुठे सही केली नव्हती. आधी निंबाखाली चार ओळी गिरवून बघितल्या.

आत साहेबांनी शेठना विचारलं, पैसे पोचले का. शेठ म्हणाले, पोचले. मग साहेब अक्काकडे वळून म्हणाले, "घेणार तुम्ही?"

"हो."

"एकट्याच?"

अक्का हळूच हो म्हणाली. साहेबांनी मान वर केली. "मोठ्याने बोला बाई. एकट्याच घेणार का?"

"हो साहेब," अक्का म्हणाली, इतकं मोठ्याने की पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने वळून बघितलं. "एकटीच."

तिने तीन ठिकाणी सही केली. मग यांनी, मग मी. साहेबांनी मला विचारलं, "तुमचं नातं काय?" मी म्हटलं, "यांची भावजय." त्यांनी नुसतं लिहून घेतलं. मला वाटत होतं काहीतरी आणखी विचारतील.

बाहेर येऊन नासीरभाईंना पैसे दिले तर त्यांनी निम्मेच घेतले. "हमीदाच्या बाळंतपणाचे सिस्टरने कुठे घेतले होते?" म्हणाले. हे आणि शेठ पेढे आणायला गेले. आम्ही दोघी चालत देवपुरात आलो.

बारा वर्षं राहिलेल्याच खोल्या. तेच कुलूप, तीच किल्ली. अक्काने दार उघडलं, चपला काढल्या, पुढच्या खोलीत भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली. मला वाटलं, आता उठेल, पाणी ठेवेल, चहा करेल, निदान पदराने खिडकी तरी पुसेल. आमच्याकडे असो की इथे, हिला मी रिकाम्या हाताने बसलेली कधी बघितली नाही. ती उठली नाही. पाय लांब केले, हात मांडीवर टाकले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

मी स्वयंपाकघरात गेले. चार माणसांचा भात टाकायचा होता. डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. बाहेर येऊन तिच्या शेजारी बसले.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "शेवंता, या भिंतीला खिळा मारला तर आता कोणी ओरडणार नाही ना गं?"

मी म्हटलं, "नाही."

हे पेढे घेऊन आले तरी आम्ही तशाच बसलो होतो.